आवाज एकाच कानात का येतो? एका बाजूला झुकलेलं रेकॉर्डिंग सरळ करूया



आपण कविता, पाठांचं वाचन, पाढे, गोष्टी रेकॉर्ड करून मुलांना पाठवतो. पण बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये आवाज फक्त डाव्या कानात येतो, किंवा डावीकडे मोठा आणि उजवीकडे पुसट येतो. मोठ्यांना हे किरकोळ वाटतं. पण दोन भावंडं एकच इअरफोन वाटून घेऊन ऐकत असतील, तर एकाला धडा मिळतो आणि दुसऱ्याला शांतता! ज्या मुलाला एकाच कानाने ऐकू येतं, त्याच्या वाट्याला तर पूर्ण धडाच येत नाही. म्हणून आज हा दोष का होतो आणि तो कसा दुरुस्त करायचा, ते समजून घेऊया.

स्टिरिओ म्हणजे काय?

स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये डावा आणि उजवा असे आवाजाचे दोन स्वतंत्र पट्टे असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. इंग्लंडमधले अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी 1931 साली या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आवाज कुठून आला हे आपला मेंदू मुख्यतः दोन गोष्टींवरून ओळखतो: कोणत्या कानात तो मोठा आला आणि कोणत्या कानात आधी पोचला. दोन्ही चॅनेलमध्ये आवाज सारखा आणि एकाच वेळी आला, तर तो समोरून, मधोमध आल्यासारखा वाटतो. यातलं काहीही बिघडलं की आवाज एका बाजूला सरकतो.

आधी निदान, मग औषध

1. इअरफोन उलटे घाला, म्हणजे डावा उजव्या कानात. दोष आता दुसऱ्या कानात गेला, तर बिघाड तुमच्या कानात नाही, इअरफोनमध्ये किंवा रेकॉर्डिंगमध्ये आहे. मग दुसरं एखादं चांगलं गाणं लावून बघा. तेही त्याच बाजूला झुकत असेल, तर इअरफोनच बदला.
2. रेकॉर्डिंग ऑडॅसिटीमध्ये उघडा. हे संगणकावर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. वर डाव्या चॅनेलच्या लाटा दिसतात, खाली उजव्याच्या. एक पट्टा सपाट आहे का, बारीक आहे का, की दोन्ही सारखेच आहेत, ते नीट पाहा.
3. तेच रेकॉर्डिंग एकच स्पीकर असलेल्या साध्या मोबाइलवर वाजवा. तिथे दोन्ही चॅनेल एकत्र होतात. आवाज पोकळ झाला किंवा गायबच झाला, तर मामला वेगळा आहे. तो पुढे येतोच.

दोष पहिला: एक चॅनेल रिकामा

कॉलर माइक कॅमेऱ्याला जोडला, की पुष्कळदा आवाज फक्त डाव्या चॅनेलवर उमटतो. उपाय अगदी सोपा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाजवळच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' निवडा, रिकामा पट्टा काढून टाका. उरलेला पट्टा मोनो होतो आणि दोन्ही कानांत सारखा वाजतो. यासाठी वेगळ्या प्लगइनची गरज नाही.

दोष दुसरा: एक चॅनेल मोठा, एक बारीक

इथे 'नॉर्मलाइझ' हा इफेक्ट वापरतात. त्यातला 'दोन्ही चॅनेल स्वतंत्रपणे' हा पर्याय निवडला, की प्रत्येक चॅनेलचं सर्वांत उंच टोक एका पातळीवर येतं. मात्र जपून! एखादा खोकला किंवा टाळी एकाच चॅनेलवर जोरात असेल, तर हा हिशोब चुकतो. शिवाय बारीक आवाज वाढवताना त्यातली पंख्याची घरघरही तेवढीच वाढते. एकच माणूस बोलत असेल, तर चांगला चॅनेल ठेवावा आणि दुसरा सोडून द्यावा, हेच बरं.

दोष तिसरा: अख्खं चित्रच सरकलेलं

समजा, स्नेहसंमेलनात समूहगीत चालू आहे आणि रेकॉर्डर मंचाच्या एका कडेला ठेवला होता. इथे मोनो केलं तर गाण्याची रुंदी जाते. अशा वेळी प्लगइन उपयोगी पडतात. प्लगइन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं अवजार. व्हीएसटी हा त्यांचा प्रचलित प्रकार ऑडॅसिटीतही चालतो.

बॅलन्सची कळ फक्त एका बाजूचा आवाज कमी-जास्त करते. 'रोटेशन'ची सोय असलेलं प्लगइन मात्र अख्खं चित्र फिरवतं, भिंतीवर वाकडी टांगलेली तसबीर सरळ करावी तसं. वेव्हज कंपनीच्या एस-1 मध्ये ही सोय आहे. पण फार फिरवू नका. कडेचे आवाज स्पीकरच्या 'बाहेर' ढकलले जातात आणि मोनो मोबाइलवर कमी होतात.

दोष चौथा: वेळेचा फरक

हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. दोन माइक लांब-लांब ठेवले आणि बोलणारा एकाच्या 1 मीटर जास्त जवळ असला, तर त्याचा आवाज तिथे 3 मिलिसेकंद आधी पोचतो. मग दोन्ही चॅनेल तितकेच मोठे असूनही आवाज जवळच्या माइककडे ओढलेला वाटतो. हे चॅनेल तसेच एकत्र केले, तर आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. उपाय असा: लाटा मोठ्या करून पाहा आणि मागे पडलेला पट्टा तेवढाच पुढे सरकवा. आयझोटोप आरएक्समधल्या 'ॲझिमथ' या अवजारात चॅनेलची पातळी आणि वेळ दोन्ही जुळवता येतात. मात्र ते विकत घ्यावं लागतं.

दोष पाचवा: लाटा उलट्या

वरची लाट चढते तेव्हा खालची नेमकी उतरते, जणू आरशातलं प्रतिबिंब. मंचावरचा माइक चुकीच्या जोडणीच्या वायरने स्टिरिओ इनपुटला लावला की असं होतं. हेडफोनवर आवाज फक्त विचित्र, पसरट वाटतो. पण एका स्पीकरच्या मोबाइलवर अधिक आणि उणे मिळून शून्य! पाठवणाऱ्याला सगळं ऐकू येतं आणि पालक म्हणतात, "सर, आवाजच येत नाहीये." दोघंही खरंच बोलत असतात. ट्रॅक वेगळे करा, एका पट्ट्याला 'इन्व्हर्ट' हा इफेक्ट लावा, झालं काम.

लक्षात ठेवा

- मूळ फाइल कायम जपून ठेवा. दुरुस्ती नकलेवरच करा.
- एकट्याचं बोलणं मोनोच पाठवा. फाइलही लहान होते.
- पाठवण्याआधी साध्या मोबाइलवर एकदा ऐकाच.
- पालकहो, मूल एकाच कानाने ऐकत असेल, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा. दोन्ही बाजूंचा आवाज त्याच्या चांगल्या कानात येईल. आधी लाटा उलट्या नाहीत ना, एवढं शिक्षकांना विचारून घ्या.

वर्गासाठी कृती

एका विद्यार्थ्याला डोळे मिटून बसवा. बाकीच्यांनी वेगवेगळ्या दिशांनी टिचकी वाजवायची आणि त्याने बोटाने दिशा दाखवायची. नंतर एक कान हाताने झाकून तोच खेळ पुन्हा घ्या. किती वेळा दिशा चुकते ते फळ्यावर मांडा. दोन कान का असतात, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.