सोडचिठ्ठीचा कागद आणि कायदा

पंचांसमक्ष मुद्रांकाच्या कागदावर सह्या केल्या की काडीमोड झाला, असा समज ग्रामीण भागात अद्यापही आढळतो. परंतु हिंदू विवाह अधिनियम, १९५५ अन्वये, न्यायालयात सिद्ध होऊ शकेल अशी जुनी रूढी नसेल, तर त्या कागदाने विवाह संपुष्टात येत नाही. त्यावर विसंबून केलेला दुसरा विवाह अवैध ठरतो आणि त्या स्त्रीला कायदेशीर पत्नीचा दर्जा मिळत नाही.

उभयता राजी असल्यास, किमान एक वर्ष विभक्त राहिल्यानंतर कलम १३-ब खाली न्यायालयाकडे संयुक्त अर्ज करता येतो. स्त्रियांना त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडून, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळू शकतो. साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी सरपंच व शिक्षकांनी ही वाट दाखवावी.