घरातील रक्त आणि गावाचे कर्तव्य

शेंद्रा हे गाव पूर्वी मांगीरबाबांच्या यात्रेकरिता पंचक्रोशीत ओळखले जात असे. आज ते कारखान्यांकरिता ओळखले जाते. २००१ साली येथे मोटारगाड्या जोडण्याचा मोठा कारखाना सुरू झाला, पुढे ‘ऑरिक’ ह्या नावाने नवी औद्योगिक नगरी उभी राहिली, आणि जालना रस्त्याने सकाळ-संध्याकाळ कामगारांच्या गाड्यांची रीघ लागू लागली. ह्या भरभराटीचा आम्हांस आनंदच आहे. परंतु जो व्यापारी दुकानाचा रोजमेळ दिवसाकाठी मिळविल्यावाचून झोपत नाही, तोच आपल्या घरातील मनांचा रोजमेळ वर्षानुवर्षे उघडून पाहत नाही, ही गोष्ट भरभराटीने झाकली जाते. ती एखाद्या दिवशी उघडी पडते, तेव्हा साऱ्या शहराचा थरकाप होतो.

असा दिवस ऑक्टोबर २०२१ मध्ये ह्या शहरावर आला. त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका सुशिक्षित कुटुंबातील कर्त्या पुरुषाचा राहत्या घरी निर्घृण खून झाला. सुमारे आठवडाभर तपास चालला. शस्त्रे हाती लागावीत म्हणून एक विहीरही उपसण्यात आली. आणि अखेरीस पोलिसांनी जे सांगितले ते ऐकून लोक सुन्न झाले. संशय कोणा दरोडेखोरावर नव्हता, कोणा वैऱ्यावर नव्हता. तो त्याच घरातील एका अल्पवयीनावर होता.

आम्ही येथे कोणाचेही नाव देत नाही, आणि ते केवळ भिडेस्तव नव्हे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमान्वये अशा बालकाची ओळख पटेल असे काहीही छापणे हा गुन्हा असून, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायदा नसता तरीही आम्ही हेच केले असते. कारण अशा प्रकरणांत नाव ठाऊक झाल्याने कोणाचे शहाणपण वाढल्याचे आमच्या पाहण्यात नाही, कुतूहल मात्र वाढते.

अशी वार्ता आली की गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ‘ज्याने जन्मदात्यावर हात उगारला त्याचे वय काय मोजता? फासावर चढवा.’ दुसरा पक्ष मान हलवून म्हणतो, ‘काळच वाईट, हे सारे मोबाईलचे फळ.’ पहिल्याच्या बोलण्यात संताप आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात सुस्कारा आहे. विचार मात्र दोहोंतही नाही. संतापाने गेलेला मनुष्य परत येत नाही, आणि सुस्काऱ्याने पुढचा वाचत नाही.

पहिल्या पक्षास आम्ही कायद्याचा थोडा इतिहास सांगू इच्छितो. बाल अपराध्यास प्रौढ कैद्यांत ठेवल्यास तो सुधारत नाही, उलट पक्का गुन्हेगार होऊन बाहेर पडतो, हे अनुभवाने पटल्यावर मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८७६ साली सुधारशाळांचा कायदा झाला, व १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांकरिता स्वतंत्र कायदा करण्यात आला. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्या इलाख्याबाहेर होता. स्वातंत्र्यानंतर १९८६ साली साऱ्या देशास लागू होणारा कायदा झाला. त्यात मुलग्यांची मर्यादा सोळा वर्षे होती, ती २००० साली अठरा करण्यात आली. पुढे डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर लोकक्षोभ उसळला, आणि त्यातून आजचा २०१५ चा कायदा जन्मास आला.

तेव्हा ‘वयाचा फायदा घेऊन सुटतात’ हे म्हणणे अर्धवट माहितीवर उभे आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या बालकावर खुनासारख्या घोर अपराधाचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ प्रथम त्याची मानसिक व शारीरिक कुवत, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती ह्यांची प्राथमिक पारख करते. त्यानंतर जरूर वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते, व तेथे प्रौढाप्रमाणे खटलाही चालू शकतो. शिक्षा झालीच, तर एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यास सुरक्षित स्थानी ठेवावे, नंतर त्याची सुधारणा किती झाली हे पाहावे, आणि मग सोडावे की तुरुंगात धाडावे हे ठरवावे, अशी ही व्यवस्था आहे. फाशी मात्र नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. ह्यात आपला देश एकटा नव्हे. अमेरिकेसारख्या कठोर देशातही अठरा वर्षांखालील अपराध्याची फाशी तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रद्द केली.

आमची खरी तक्रार कायद्याच्या मऊपणाविषयी नाही. ही पारख कितपत कसोशीने होते, ह्याविषयी आहे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, व त्या दोघांत निदान एक स्त्री असावी लागते. कोवळ्या मनाचा ठाव घेणे हे सराफाने सोने कसोटीवर घासण्याइतके सोपे काम नव्हे. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की मंडळात मानसशास्त्राचा किंवा मनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल, तर अशा जाणकाराचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे. प्रत्येक जिल्ह्यात असे जाणकार वेळेवर उपलब्ध व्हावेत, ह्याकरिता आपल्या नगरातील वजनदार मंडळींनी आवाज उठविला, तर फासाच्या गर्जनेहून ते अधिक उपयोगी पडेल.

आता ह्या अपराधाचे एक लक्षण पाहावे, जे इतर अपराधांत नसते. परक्याने खून केला तर एक घर फिर्यादी होते व दुसरे आरोपी. येथे फिर्याद आणि आरोप एकाच उंबरठ्याच्या आत असतात. ज्या स्त्रीचे कुंकू पुसले गेले, तीच आरोपीची माता असू शकते. तिने पतीचा न्याय मागावा, की पोटच्या पोराचा जीव वाचवावा? भावंडांनी रडावे तरी कोणासाठी? अशा घराच्या दाराशी जाऊन ‘नेमके काय झाले हो?’ म्हणून विचारणाऱ्यांस आम्ही सांत्वन करणारे म्हणू शकत नाही. त्या घरास दोन घास आणून देणारा, कोर्टाच्या तारखेस सोबत जाणारा आणि तोंड मिटून बसणारा शेजारी हवा असतो.

आणखी असे की, इतर बालक शिक्षा भोगून घरी परतते. ह्या बालकास परतावयास घरच उरलेले नसते. सुधारगृहाचे दार उघडल्यावर समोर रस्ता असतो, आणि रस्त्यावर कोण भेटेल ह्यावर त्याचे पुढील आयुष्य ठरते. कायद्याने अठरा ते एकवीस वर्षांपर्यंतच्या अशा मुलांकरिता पश्चात्‌सेवेची तरतूद केली आहे. परंतु कायदा नोकरी देत नाही, नोकरी कारखानदार देतो. शेंद्र्याच्या वसाहतीत जे शेकडो हात रोज यंत्रांवर चालतात, त्यांत अशा एखाद्या सुधारलेल्या हातास उमेदवारी मिळावी, हे मागणे आम्हांस अवाजवी वाटत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने शिकवून तयार करण्याची वाट घालून दिलेलीच आहे. मालकाच्या मनाची वाट तेवढी मोकळी व्हावयाची आहे.

परंतु घडल्यानंतरच्या उपायांहून घडण्यापूर्वीची जागरूकता श्रेष्ठ, ह्यात संशय नाही. मातापित्यांवर हात टाकणाऱ्या मुलांचा अभ्यास अमेरिकेतील कॅथलीन हाइड ह्या विदुषीने दीर्घकाळ केला आहे. घरात अतोनात छळ सोसलेली, तीव्र मनोविकाराने ग्रासलेली आणि मुळातच निर्ढावलेली, असे तीन प्रकार तिने मांडले, व किशोरवयीनांत पहिला प्रकार अधिक आढळतो असे तिचे निरीक्षण आहे. आमच्या शहरातील प्रकरण ह्यांपैकी कोणत्या खात्यात पडते हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. तो मंडळाचा व न्यायालयाचा आहे. परंतु वरील तिन्हींपैकी कोणतीही अवस्था एका रात्रीत येत नाही, एवढे कोणीही समजू शकेल. मूल जेवणाच्या पानावर येईनासे होते, बोलणे तोडते, रात्र रात्र जागते, मरण्यामारण्याची भाषा बोलू लागते. आणि आपण म्हणतो, ‘वय आहे, होईल ठीक.’ शेजारच्या भिंतीपलीकडून रोज मारहाणीचा आवाज येतो, आणि आपण म्हणतो, ‘त्यांच्या घरची गोष्ट.’

कोणी म्हणेल, बापाने मुलास धाकात ठेवू नये काय? अवश्य ठेवावे. परंतु धाक आणि दहशत ह्यांत अंतर आहे. धाकातले मूल चूक झाली तर बापापाशी येऊन सांगते; दहशतीतले मूल ती लपविते, आणि लपविण्याची सवय लागलेले मन पुढे काय काय लपवील ह्याचा नेम नाही. तसेच, मन आजारी पडले तर वैद्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. हाड मोडले तर आपण अंगारा लावून बसत नाही. मग मन मोडले तरच का बसावे? संकटातील बालकाकरिता १०९८ आणि मनाच्या दुखण्याकरिता १४४१६ हे दूरध्वनी विनामूल्य, रात्रंदिवस चालू असतात. व्यापाऱ्यांनी हे दोन आकडे आपल्या गल्ल्यामागे, आणि शिक्षकांनी वर्गाच्या दारावर लिहून ठेवावेत, अशी आमची साधी सूचना आहे.

२०२१ मध्ये शस्त्र शोधण्याकरिता विहीर उपसली गेली, आणि ते काम सरकारने केले. घराघरांत साठलेले अबोल उपसण्याचे काम सरकार करू शकत नाही. ते ज्याचे त्याने, आज रात्री, जेवणाच्या पानावर मुलाशेजारी बसून सुरू करावयाचे आहे.