पुढचा अंक कधी?

मागच्या दिवाळीत माझी पुतणी तिच्या दोन मित्रांना घेऊन फराळाला आली. चिवड्याची बशी बाजूला सारून म्हणाली, "काका, आम्हाला त्रैमासिक काढायचंय. छापील आणि मराठीत."

विषय विचारला, तर ट्रान्सह्यूमॅनिझम! म्हणजे विज्ञानाच्या मदतीने माणसाला आपल्या आयुष्याच्या, बुद्धीच्या, शरीराच्या मर्यादा ओलांडता येतील का, आणि त्या ओलांडाव्यात का, याची चर्चा. "वडोदऱ्यात हे वाचणार कोण?" हा प्रश्न ओठांवर आला होता, पण मी तो गिळला. १९८६ साली माझ्या वडिलांनी मला नेमका हाच प्रश्न विचारला होता.

तेव्हा आम्ही चार मित्रांनी विज्ञान आणि भविष्य या विषयावर त्रैमासिक काढलं होतं. रावपुऱ्यातल्या छापखान्यात देवनागरी खिळे हिंदीच्या हिशेबाने ठेवलेले, त्यामुळे मराठीचे 'ळ' पुरेनात. एक पान छापून झालं की तेच 'ळ' काढून दुसऱ्या पानात बसवायचे. वर्षाची वर्गणी आगाऊ घेतली. एकेचाळीस वर्गणीदार झाले. चार अंक द्यायचे होते, दोनच दिले. कागद महागला असं आम्ही सांगत असू, पण खरं म्हणजे लेख संपले होते. दोघे मित्र नोकरीनिमित्त गाव सोडून गेले आणि वर्गणीदारांची वही माझ्याकडे राहिली. त्यांतले एक निवृत्त शिक्षक मांडवीजवळ भेटले की विचारायचे, "पुढचा अंक कधी?" पुढे मी तो रस्ताच टाळू लागलो. ते आता नाहीत.

ही हकीकत मुलांना सांगितली. ती गप्प झाली, पण मागे हटली नाहीत. पुतणीने मला 'एक्स्ट्रॉपी'ची गोष्ट सांगितली. १९८८ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला मॅक्स मोर हा इंग्लंडहून आलेला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आणि त्याचा मित्र टॉम बेल यांनी हे नियतकालिक सुरू केलं. बेलचं टोपणनाव टी. ओ. मॉरो, म्हणजे 'टुमॉरो'! एंट्रॉपी म्हणजे विस्कटत जाणं, त्याच्या उलट ती एक्स्ट्रॉपी. आधी अंक निघाला, संस्था नंतर उभी राहिली. वाचक मोजकेच. १९९३ च्या एका अंकात हॅल फिनी यांनी संगणकावरच्या खासगी चलनाविषयी लिहिलं आणि २००९ साली पहिल्या बिटकॉइन व्यवहारात चलन मिळालं ते याच फिनींना. छापील अंक १९९६ नंतर थांबला, २००६ मध्ये संस्थाही बंद झाली. पण त्या पानांवरचे विषय आज रोजच्या वर्तमानपत्रात आहेत.

"अगं, इतक्या लांब कशाला जायचं?" मी म्हटलं. "दांडिया बाजारातून रोज जाता ना? तिथे अरविंद निवास आहे." अरविंद घोष १८९३ ते १९०६ सयाजीराव महाराजांच्या सेवेत वडोदऱ्यात होते. पुढे पाँडिचेरीहून १५ ऑगस्ट १९१४ रोजी त्यांनी 'आर्य' हे तत्त्वज्ञानाचं मासिक सुरू केलं. माणूस ही उत्क्रांतीची शेवटची पायरी नव्हे, हा त्यांचा विचार. तो अध्यात्माच्या वाटेने जाणारा, यंत्राच्या नव्हे, तरी प्रश्न जवळचाच. महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. सोबतचं रिशार दांपत्य १९१५ मध्ये फ्रान्सला परतलं आणि महिन्याला चौसष्ट पानांचा भार जवळजवळ एकट्या अरविंदांवर पडला. तरी मासिक जानेवारी १९२१ पर्यंत चाललं. 'द लाइफ डिव्हाइन' हा ग्रंथ आधी त्यातच क्रमशः आला.

मग मी माझ्या दोन अटी सांगितल्या. तीन अंकांचे लेख हातात आल्याशिवाय पहिला अंक जाहीर करायचा नाही. आणि वार्षिक वर्गणी घ्यायची नाही, अंक छापायचा आणि तेवढ्याचेच पैसे घ्यायचे.

"छापीलच कशाला?" हेही विचारलं. पुतणी म्हणाली, "फोनवर आम्ही एकमेकांचंच वाचतो, काका. अंक घरात पडून राहिला की आजी उचलते, शेजारची काकू उचलते. मग वाद होतो. आम्हाला तो वाद हवाय."

मुद्रितं मी तपासली. दीडशे वर्षं जगण्यावरचा लेख वाचताना पेन्सिल थांबली. माझी पत्नी शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. समासात लिहिलं, "वाढलेल्या वर्षांत करणार कोण?" मुलांनी ती ओळ खोडली नाही. ओळखीच्या एका परिचारिकेकडून त्यावर उलट बाजूचा लेख लिहून घेतला आणि तो त्या लेखाच्या समोरच्या पानावर छापला. अंकातला तोच लेख मला सर्वांत चांगला वाटतो.

शंभर प्रती निघाल्या. त्या रात्री पुतणीने माझी जुनी वही मागितली. "काका, या लोकांचे दोन अंक आपल्याकडे बाकी आहेत ना?" पंधरा दिवस फोन करून, घरं शोधून अकरा पत्ते लागले. कुठे वर्गणीदार स्वतः, कुठे मुलगा, कुठे सून. मांडवीच्या सरांच्या नातीला अंक द्यायला मी स्वतः गेलो. तिने पानं चाळली आणि सहज विचारलं, "पुढचा कधी?"

"तीन महिन्यांनी," मी म्हणालो. लेख तयार होते, म्हणून म्हणू शकलो.

आपल्या मंडळाच्या वाचनालयात एक प्रत ठेवली आहे. वाचा आणि पटलं नाही तर जरूर भांडा.