सरोवराकांठचें उन्हाळी बिऱ्हाड

फिनलंडची राजधानी हेलसिंकी जून महिन्याच्या उत्तरार्धांतील एका शुक्रवारीं ओस पडूं लागते. दुकानें लवकर मिटतात आणि शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर मोटारींची रांग लागते. आजी, मुलें, कुत्रा, किराण्याच्या पिशव्या असा सारा संसार बरोबर घेऊन मंडळी निघालेली असते. त्यांस जावयाचें असतें तें एखाद्या हॉटेलांत नव्हे, तर रानांत, पाण्याच्या कांठीं असलेल्या स्वतःच्या लाकडी घरकुलांत. या घरकुलास तेथें मोक्की म्हणतात. देशाची लोकसंख्या सुमारें ५६ लक्ष, आणि अशीं उन्हाळी घरें ५ लक्षांहून अधिक. पाण्याची तर तेथें वाणच नाहीं. ५०० चौरस मीटरांहून मोठें तेवढें सरोवर धरलें तरी त्यांची संख्या सुमारें १,८८,००० भरते.

मोक्की हा शब्द मुळांत मोठेपणाचा नाहीं. ज्यांस स्वतःची शेतजमीन नसे अशा मजुरांच्या खोपटास तो लावीत. एकोणिसाव्या शतकांतील सधन शहरवासी उन्हाळ्यासाठीं जे बंगले बांधीत, त्यांचें नांव निराळें होतें. सामान्य कुटुंबाचें उन्हाळी घर हें मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचें आहे. १९५० च्या सुमारास देशांतील जवळजवळ निम्मीं कामकरी माणसें शेती व जंगल यांवर पोट भरीत होतीं. पुढील वीस-पंचवीस वर्षांत तीं लोंढ्यानें दक्षिणेकडील शहरांत, आणि कित्येक तर स्वीडनमध्यें, गेलीं. म्हातारीं माणसें गांवीं राहिलीं. नातवंडें उन्हाळ्यांत ‘मुम्मोला’स, म्हणजे आजीच्या घरीं, जात, महाराष्ट्रांतील आजोळाचाच हा प्रकार, मात्र आजी आईकडची कीं वडिलांकडची हा भेद त्यांत नाहीं. म्हातारीं गेल्यावर कित्येक ठिकाणीं तेंच घर उन्हाळी घर झालें. ज्यांस असें घर नव्हतें त्यांनीं कांठावर जमिनीचा तुकडा घेऊन सुटीच्या दिवसांत स्वतःच्या हातानें भिंती उभ्या केल्या. तेव्हां या घराच्या मुळाशीं चैनीपेक्षां गांव सुटल्याची हुरहूर अधिक आहे. कायद्याचेंही पाठबळ आहे. एका ठिकाणीं वर्षभर नोकरी झालेल्यास आज ३० दिवसांची भरपगारी रजा मिळते, आणि तींतील २४ दिवस २ मे ते ३० सप्टेंबर या काळांत द्यावे असा नियम आहे.

परक्या पाहुण्यास नवल वाटतें तें असें कीं, विश्रांतीसाठीं आलेलीं हीं माणसें दिवसभर कामांत असतात. जुन्या वळणाच्या मोक्कींत नळ नसतो, वीज नसते, संडास अंगणापलीकडे. पाणी विहिरींतून आणावयाचें, होडींत सांठलेलें पाणी उपसावयाचें, जाळें सोडवावयाचें, आणि सर्वांत मोठें काम म्हणजे लाकडें फोडावयाचीं. बर्च, म्हणजे भूर्जाच्या जातीचें झाड, हें तेथील उत्तम जळण. पण तें ओलें जळत नाहीं. या उन्हाळ्यांत फोडलेलें लाकूड सुकून पुढील वर्षीं कामास येतें. म्हणून आज जो शेकत बसला आहे, तो बहुधा गेल्या वर्षीं दुसऱ्या कोणीं गाळलेल्या घामावर शेकत असतो. सुटी घेऊन ही हमाली कां करावी, असा प्रश्न विचारणारे लोक फिनलंडांतही आहेत. उत्तर असें कीं, हीं कामें सर्वांच्या हातीं येण्याजोगीं आहेत. शहरांत आजोबांच्या ज्ञानास कोणी विचारीत नाहीं. येथें कुऱ्हाडीस धार कशी लावावी आणि पर्च मासा कोणत्या खडकापाशीं लागतो, हें त्यांसच ठाऊक असतें. दहा वर्षांचा मुलगा येथें वल्हीं मारून पलीकडच्या तीरास जातो, आणि पोराटोरांच्या गोळा केलेल्या ब्लूबेरी फळांचें पक्वान्न घरदार खातें.

दिवसाचा शेवट सौनानें होतो. हें स्नानगृह पाण्यालगत असतें. पुष्कळदा घराच्या आधीं तेंच बांधितात आणि पहिला उन्हाळा कुटुंब त्याच्या बाहेरच्या खोलींत काढतें. चुलीवर दगडांची रास असते. लाकडांनीं दगड तापले कीं खोलींतील हवा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. एवढी उष्णता सोसते याचें कारण हवा कोरडी असते आणि घाम झपाट्यानें वाळतो. दगडांवर पळीभर पाणी टाकलें कीं वाफ उठते; ती कातडीवर विरघळून पाणी होतांना आपली उष्णता अंगास देते, आणि क्षणभर सर्वांग पेटल्यासारखें वाटतें. मग तसेंच धांवत सरोवरांत उडी. फिनिश सौनाची परंपरा २०२० सालीं युनेस्कोच्या मानवी वारशाच्या सूचींत नोंदली गेली. परंतु कुटुंबाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व वेगळें आहे. अंधुक उजेडांत, एका फळीवर, एकमेकांकडे न पाहतां बसलेलीं अबोल माणसें तेथें बोलूं लागतात.

मध्यग्रीष्माचा ‘युहान्नुस’ हा सण पूर्वीं २४ जूनला होत असे. १९५५ पासून तो २० ते २६ जून यांमधील शनिवारीं धरतात. आदल्या रात्रीं कांठावर होळ्या पेटतात. हेलसिंकींतही त्या वेळीं सूर्य जेमतेम पांच तास क्षितिजाखालीं जातो. दारू पिऊन होडींत चढणाऱ्यांमुळें या सणास अपमृत्यूही घडतात, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. मालकांचें सरासरी वय आज साठीच्या पुढें आहे. फिनिश कायद्यानें मुलगा व मुलगी यांस वारसा समान. पैसा वांटतां येतो. एका खोलीचें घर आणि एक धक्का चार भावंडांत कसा वांटावा? म्हणून कित्येक कुटुंबें तें अविभक्त ठेवतात. मग नवें छप्पर घालावयाचें तर सर्वांची संमति हवी, आणि खर्चही सर्वांनीं सोसावयास हवा. एकास नळ व वीज पाहिजे असते. दुसरा म्हणतो, मग शहरांतील घर काय वाईट होतें? दोघांचेंही खोटें नाहीं. त्यांतून एकानें कायदेशीर वांटणी मागितली कीं बाकीच्यांस त्याचा हिस्सा विकत घ्यावा लागतो, नाहीं तर घर विकावें लागतें. शहाणे आईबाप म्हणून हयातींतच मालकी मुलांच्या नांवें करून मरेपर्यंत वापराचा हक्क तेवढा स्वतःकडे ठेवतात. इतर कुटुंबांत भावंडें हिंवाळ्यांतच पंचांग घेऊन बसतात आणि उन्हाळ्याचे आठवडे वांटून घेतात. युहान्नुस आळीपाळीनें, जुलैसाठीं घासाघीस ठरलेली. बर्फ नुकतें वितळलेलें असतें, उंदरांनीं गाद्या कुरतडलेल्या असतात आणि होडी पाण्यांत लोटावयाची असते, तो मे महिन्याचा पहिला आठवडा मात्र सहसा कोणी मागून घेत नाहीं.