वर्गातील समता आणि शिक्षकाची घडण

राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचे कोल्हापूर म्हटले की सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा १९१७ सालचा निर्णय प्रथम आठवतो. तो आमच्या वाचकांस परिचितच आहे. त्या मानाने १९१९ सालच्या आदेशांची चर्चा कमी होते. आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना आम्हांस तेच अधिक मोलाचे वाटतात.

त्या वर्षीच्या जानेवारीत महाराजांनी निरनिराळ्या खात्यांसाठी आदेश काढले. अस्पृश्यांशी समतेने वागणे ज्या अधिकाऱ्यास मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्यास निवृत्तिवेतन मिळणार नाही, असा त्यांचा आशय होता. शिक्षणसंस्थांनाही समतेच्या वागणुकीची ताकीद देण्यात आली. पुढे त्याच वर्षीच्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम झाला. वेगळ्या शाळेत अक्षरओळख होत होती, परंतु तिच्याबरोबरच आपण वेगळे आहोत हा धडाही रोज गिरवून घेतला जात होता. महाराजांनी तो धडाच काढून टाकला. पुढच्याच मार्चमध्ये, १९२० साली, याच परिसरातील माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

आता प्रश्न असा की, मूल शाळेत आले म्हणजे ते वर्गात आले काय? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतील आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांचे नाव हजेरीपटावर होते. तरी बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, ते एका कोपऱ्यात अंथरावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे. शिपाई नसला की तहान तशीच राही. ही व्यवस्था चालू ठेवणारे हात शाळेतल्याच माणसांचे होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात नेमके येथेच बोट ठेवले होते. प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित हवा आणि शक्य तो कष्टकरी वर्गातून आलेला हवा, म्हणजे तो मुलांत मोकळेपणाने मिसळेल व त्यांच्या गरजा जाणेल, असे त्यांचे म्हणणे होते. पदवीपेक्षा मिसळण्याची क्षमता त्यांनी महत्त्वाची मानली.

हुकुमाने राजीनामा घेता येतो. दृष्टी बदलण्यास मात्र शिक्षणच लागते. येथे आम्हांस धम्मपरंपरेतील चूळपंथक भिक्षूची कथा आठवते. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला घरी परत जाण्यास सांगितले. जीवकाकडील भोजनाच्या निमंत्रणासाठी भिक्षूंची गणती झाली तीतूनही त्याला वगळले. तथागतांनी त्याला जवळ बोलावले. गाथेचा आग्रह न धरता त्याच्या हाती एक शुभ्र वस्त्र दिले आणि धूळ पुसली जाते असे म्हणत ते चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. महापंथक दुष्ट नव्हता, तो स्वतः अर्हत होता. त्याने पद्धती एकच ठेवली आणि विद्यार्थी बदलू पाहिला. शास्त्याने विद्यार्थी तोच ठेवून पद्धती बदलली. आजच्या समावेशक शिक्षणाच्या ग्रंथांत जो सिद्धांत शेकडो पृष्ठांत मांडला जातो तो हाच. सिगालोवाद सुत्तात आचार्यांची शिष्यांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत विद्या हातची न राखता देणे आहे, तसेच शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करणेही आहे. रक्षण हे शिक्षकाचे काम आहे, हे आमच्या अध्यापक विद्यालयांत किती वेळा बोलले जाते?

कायदा आपल्या बाजूला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतील बालकांशी भेदभाव होऊ नये असे बंधन घातले, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. २०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि समावेशक शाळा हा विषय त्यात आला. विषय आला, म्हणजे प्रश्नपत्रिकाही आली. व्याख्या लिहून गुण मिळवता येतात, हा त्यातील धोका होय.

भेदभाव आज गोणपाटाच्या रूपात क्वचितच येतो. शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात मोठ्याने वाचली जाते, आणि कोण कोणत्या जातीचा हे चाळीस मुलांना एका मिनिटात कळते. झाडू ठरावीक मुलांच्याच हाती जातो. आडनाव ऐकल्यावर शिक्षकाची अपेक्षा उतरते व अवघड प्रश्न पुढच्या बाकाकडे वळतो. कोल्हापूर जिल्ह्यात तर दरवर्षी गळीत हंगामात बीडकडील ऊसतोड कामगारांची मुले येतात. निम्मे वर्ष एका गावी, निम्मे दुसऱ्या गावी. त्यांची बोली निराळी, धडे मागे पडलेले. असे मूल मध्येच वर्गात आले असता त्याचे काय करावे, याचा सराव भावी शिक्षकास कोणी देत नाही. पाहुणा समजून मागे बसवणे एवढेच बहुधा घडते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. प्रत्येक छात्राध्यापक सराव पाठ घेतो आणि मार्गदर्शक मागे बसून निरीक्षणपत्रक भरतात. त्यात प्रस्तावना, फलकलेखन, शैक्षणिक साधने यांचे रकाने असतात. पाठात कोणाकोणास प्रश्न विचारले, कोणास एकदाही विचारले नाही, उत्तर चुकल्यावर शिक्षक काय बोलला, यांसाठीही एक रकाना घालावा आणि पाठानंतरच्या चर्चेत त्याच्यापासूनच सुरुवात करावी. आमच्या विहारांतून शिकलेले कितीतरी तरुण आज अध्यापक विद्यालयांत शिकवतात. असा रकाना पुढच्या सत्रापासून घालण्यास त्यांना कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.