नकार नेमका कशाला?

मेडिक्लेम कंपनीचं नकाराचं पत्र चांगलं दीड पानाचं असतं, पण त्यात कामाचं वाक्य एकच. बाकी पॉलिसी क्रमांक, दाव्याचा क्रमांक, 'कळवण्यास खेद होतो' आणि शेवटी उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबाबत असं पत्र आलं की बरेच जण त्या एका वाक्यापर्यंत पोचतच नाहीत. पित्ताशयातल्या खड्यांचा क्लेम नाकारला तर माणूस चिडतो, एजंटला फोन करतो, ओळखीचा वकील गाठतो. लठ्ठपणाचा नाकारला तर ओशाळतो. वर्षानुवर्षं लग्नाकार्यात ऐकलेलं 'जरा तोंडावर ताबा ठेव' आता लेटरहेडवर छापून आलंय असं त्याला वाटतं. मग तो अपील करत नाही, घरातही फारसं बोलत नाही. एफडी मोडतो, नाहीतर शस्त्रक्रियेचा बेतच सोडून देतो.

ते पत्र तुमच्या जिभेबद्दल नसतंच. ते पॉलिसीतल्या एका कलमाबद्दल असतं आणि त्या कलमात मोजक्या अटी आहेत. त्यातली कोणती अट तुमच्याकडून पुरी होत नाही असं कंपनीचं म्हणणं आहे, तेवढंच आधी शोधायचं. काही नकार एका कागदाने फिरतात. काहींच्या मागे वर्ष घालवण्यात अर्थ नसतो, आणि हेही कुणीतरी रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं.

२०१९ पर्यंत मामला सरळ होता : उत्तर 'नाही'. बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणावरचे उपचार वगळलेल्या गोष्टींच्या यादीत, सौंदर्योपचारांच्या शेजारी बसवलेले असत. या शस्त्रक्रियेची आपल्याकडची ओळखही बातम्यांमधूनच झाली. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ती करून घेतली तेव्हा चर्चा झाली. २०१७ मध्ये सुमारे पाचशे किलो वजनाच्या तरुणीला इजिप्तहून विमानाने मुंबईत आणलं तेव्हा पुन्हा झाली. म्हणजे एकतर मोठ्या लोकांची गोष्ट, नाहीतर जगावेगळी केस. जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकणारी 'स्लीव्ह' किंवा अन्नाची वाटच वळवणारी 'बायपास' ही काही लाखांच्या घरात जाणारी शस्त्रक्रिया मधुमेहाने बेजार झालेल्या एखाद्या शिक्षिकेला किंवा बस कंडक्टरला लागू शकते, हे पॉलिसी लिहिणाऱ्यांच्या हिशेबातच नव्हतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांच्या अपवादांची भाषा एकसारखी केली. त्यात लठ्ठपणाला स्वतःचा कोड मिळाला, एक्सक्ल-०६. कलम अपवादाचं असलं तरी त्याला दार आहे. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवी. रुग्णाला १८ वर्षं पूर्ण झालेली हवीत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा अधिक हवा. तो ४० च्या खाली पण ३५ किंवा वर असेल, तर सोबत चारपैकी एक आजार हवा : लठ्ठपणामुळे आलेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह. शिवाय या ३५ च्या पर्यायात वजन उतरवण्याचे साधे उपाय करून ते फसलेले हवेत. हे सगळं जुळलं तर हा अपवाद लागू होत नाही.

ही चाळीस-पस्तीसची जोडी आली कुठून? १९९१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने ती घालून दिली. तेव्हा ही शस्त्रक्रिया पोट उघडून होत असे आणि डोळ्यांसमोरचा रुग्ण अमेरिकन होता. आपल्या शरीराचा हिशेब वेगळा आहे, हे दाखवणारं एक छायाचित्र पुण्याशी जोडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेला तो फोटो 'लॅन्सेट'ने २००४ मध्ये छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच मोजतो आणि मधुमेह आपल्याला आधी गाठतो, त्यामागचं एक मोठं कारण त्या फोटोत दिसतं.

२००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून शस्त्रक्रियेसाठीचे आकडे खाली आणले : सोबत आजार असेल तर ३२.५, नसेल तर ३७.५. पुढे २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी १९९१ चे निकषच निवृत्त केले. सोबत कोणताही आजार नसला तरी ३५ ला शस्त्रक्रियेची शिफारस करावी आणि आशियाई माणसांच्या बाबतीत २७.५ पासूनच तिचा विचार व्हावा, असं त्या म्हणतात. आपलं कलम मात्र अजून १९९१ मध्येच उभं आहे.

आकडे किलोत मांडले की अडचण कळते. समजा, एका बाईंची उंची सव्वापाच फूट आहे, म्हणजे १६० सेंटिमीटर. त्यांचा बीएमआय ४० भरायला वजन १०२ किलोंच्या वर लागतं आणि ३५ भरायला जवळपास ९० किलो. भारतीय निकषांनुसार सोबत आजार असेल तर ८३ किलोंनाच डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवू शकतात. आता या बाईंचं वजन ९४ किलो आहे असं धरू. गुडघे गेलेत, रक्तदाब आहे, फॅटी लिव्हर आहे. मधुमेहही आहे, पण तीन गोळ्या आणि रोजच्या पथ्यावर एचबीए१सी ६.९ वर राखलाय. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने ही अगदी योग्य रुग्ण. कलमाच्या दृष्टीने अपात्र. कारण गुडघे, रक्तदाब आणि यकृत त्या चारांच्या यादीत नाहीत आणि मधुमेह 'आटोक्यात' आहे. पथ्य नीट पाळल्याबद्दलची ही शिक्षाच. हे कलम लिहिणाऱ्या कुणी कधी एखाद्या डायबेटिस क्लिनिकच्या बाकावर सकाळ घालवली असेल का, असा प्रश्न मला पडतो.

३२.५ ते ३५ च्या मधल्या माणसांना तर कलमात जागाच नाही. त्यांचा नकार सहसा फिरत नाही. अशा रुग्णाला 'करा हो अपील, बघू' म्हणणारे एजंट आणि रुग्णालयांचे इन्शुरन्स डेस्क त्याचं नुकसान करतात. असं अपील जिंकण्याच्या भरवशावर कर्ज काढू नये, हे मी कुणालाही सांगेन.

आता फिरणाऱ्या नकारांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

सर्वांत सोपा नकार 'ही सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आहे' असा. कॉस्मेटिक सर्जरीचा अपवाद वेगळा आहे, त्याचा कोड एक्सक्ल-०८. लठ्ठपणासाठी नियामकाने स्वतंत्र कलम दिलेलं असताना कंपनीने शेजारचं कलम लावलं, तर तसं एका परिच्छेदात लिहून पाठवायचं. इथे चार पानांचं भावनिक पत्र काही कामाचं नाही.

दुसरा नकार वजनाच्या तारखेवरून येतो. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून शस्त्रक्रियेआधी दोनेक आठवडे रुग्णाला फार कमी कॅलरीच्या आहारावर ठेवतात. त्यात पाच-सहा किलो सहज उतरतात. पहिल्या भेटीत ४१ असलेला बीएमआय भरतीच्या दिवशी ३९ वर येतो आणि कंपनी भरतीचाच कागद धरून बसते. म्हणून पहिल्या भेटीच्या केस पेपरवर उंची, वजन, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. 'वजन जास्त' एवढंच लिहिलेला कागद उपयोगाचा नाही. शस्त्रक्रियेआधीचा आहार डॉक्टरांनीच दिला होता, हेही लेखी घ्यावं.

तिसरा प्रकार फार वेळा नजरेतून सुटतो. बीएमआय ४० च्या वर असूनही कंपनी 'आधी डाएट केल्याचा पुरावा द्या' असं क्वेरी लेटर पाठवते. कलम सावकाश वाचलं तर साध्या उपायांच्या अपयशाची अट ३५ च्या पर्यायाला जोडलेली दिसते, ४० च्या नाही. पुरावा असेल तर द्यावाच, त्याने बळ येतं. नसेल तर कलमातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून ही अट आपल्याला लागू नाही असं कळवावं. अपवाद लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते आणि संदिग्ध भाषेचा अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावायचा असतो. ही दोन्ही तत्त्वं न्यायालयांनी वारंवार मानली आहेत.

'आटोक्यात नसलेला मधुमेह' हे शब्दही असेच मोघम आहेत. कलमात एचबीए१सीचा आकडा दिलेलाच नाही. एका चांगल्या रिपोर्टवरून कंपनीने मधुमेह आटोक्यात ठरवला असेल, तर दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट, वाढत गेलेल्या गोळ्या, इन्शुलिन सुरू झाल्याची तारीख आणि डायबेटिस तज्ज्ञाचं कारणांसह पत्र हे सगळं तारखेच्या क्रमाने लावून द्यावं. स्लीप ॲप्नियाचंही तसंच. घोरणाऱ्याने स्लीप स्टडी करून घ्यावी. तासाला तीस किंवा अधिक वेळा श्वास अडत असेल तर वैद्यक त्याला 'तीव्र' म्हणतं. कित्येक लठ्ठ माणसांची ही तपासणी कधी झालेलीच नसते. 'बाबा घोरतात' यावर घरच्यांनी विषय संपवलेला असतो.

प्रतीक्षा काळाचा नकार मात्र बहुधा टिकतो. पॉलिसी घेताना असलेल्या आजारांसाठी एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने आहे. काही पॉलिसी या शस्त्रक्रियेसाठी वेगळी मुदत किंवा रकमेची मर्यादाही घालतात. मुदत संपायला चार महिने उरले असतील आणि डॉक्टरांना घाई वाटत नसेल, तर थांबणं हाच स्वस्त उपाय. माहिती लपवल्याचा आरोप सर्वांत वाईट. प्रस्तावाच्या फॉर्मवर एजंटने वजन ७० किलो लिहिलं आणि मधुमेहाच्या रकान्यात 'नाही', पण खाली सही तुमची आहे. या फॉर्मची प्रत कंपनीकडून मागून घ्या. पॉलिसी सलग ६० महिने चालली असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हा मुद्दा काढता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाचवर आली.

आणखी एक घोटाळा जवळपास प्रत्येक घरात होतो. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरी, नाकारताना टीपीए (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारा मध्यस्थ) बऱ्याचदा एवढंच म्हणत असतो की हातातल्या कागदांवर आत्ता मंजुरी देता येत नाही. पैसे स्वतः भरून, मूळ बिलं आणि डिस्चार्ज समरी घेऊन पॉलिसीत दिलेल्या मुदतीत रिएम्बर्समेंटचा दावा करता येतो. ती मुदत थोड्या दिवसांची असते आणि टाके भरून येईपर्यंत निघून जाते. हे काम शस्त्रक्रियेआधीच घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावं.

मे २०२४ च्या परिपत्रकात नियामकाने कंपन्यांना बांधून घातलंय. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा. दावा फेटाळण्याआधी कंपनीतल्या समितीची मान्यता घ्यायची, आणि कोणत्या कलमाखाली फेटाळला ते ग्राहकाला कळवायचं. तेव्हा पत्रात नुसतं 'पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही' असेल, तर पहिलं उत्तर दोन ओळींचं : कोणतं कलम, त्यातली कोणती अट, आणि समितीची मान्यता कधी मिळाली?

उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात तोडगा निघाला नाही की विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईतही आहेत आणि पुण्यातही. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्याच वादाचा खटला ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी लोकपाल, मग गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोग. आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे. लोकपालासमोर आजारपणाची करुण कहाणी सांगण्यापेक्षा एका कागदावर दोन रकाने पाडून न्यावेत, डावीकडे कलमातली अट आणि उजवीकडे तिचा पुरावा. सुनावणी फार लांब चालत नाही.

नोकरदारांसाठी आणखी एक वाट आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत प्रतीक्षा काळ बहुधा माफ असतो आणि तिच्या अटी मालक आणि विमा कंपनी बोलून ठरवतात. भारतीय निकष लावावेत अशी मागणी तिथे करता येते. मात्र ती नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी एचआरकडे पोचायला हवी. अशा मागणीत नाव उघड करायचीही गरज नसते.

एक नवी गोष्ट आत्ताच लक्षात ठेवलेली बरी. मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि त्या पाठोपाठ जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. महिन्याचा खर्च हजारोंत जातो आणि नेहमीच्या मेडिक्लेममध्ये तो सहसा मिळत नाही, कारण रुग्ण भरती झालेला नसतो. पण कलमातल्या 'साध्या उपायां'मध्ये काय काय मोडतं ते कुठेच लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा की पुढच्या काळातली क्वेरी लेटर्स 'इंजेक्शन घेऊन पाहिलं का?' असं विचारू लागतील. स्वतःच्या खिशातून घ्यायला लावलेलं औषध परवडलं नाही, म्हणून शस्त्रक्रियाही नाकारायची, असा तो प्रकार होईल. ज्यांनी ही इंजेक्शनं घेतली आणि उपयोग झाला नाही किंवा उलट्यांमुळे सोडावी लागली, त्यांनी प्रिस्क्रिप्शन आणि केमिस्टची बिलं फेकू नयेत. सोडण्याचं कारणही डॉक्टरांकडून केस पेपरवर तारखेसह लिहून घ्यावं.