हाताखालची माणसं : भाग 9
एका दिवसाचा माणूस पडला तर?

हजेरीवही आणि खर्चीचा हिशेब या भागात घ्यायचा असं ठरलं होतं. तो पुढच्या आठवड्यात. मधेच बेनकर वस्तीतल्या एका पेंटिंग ठेकेदाराचं पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न आठवडाभर ताटकळत ठेवण्यासारखा नाही, कारण त्यांचं काम येत्या सोमवारी सुरू होतंय.

गारमाळेत एका तीन मजली घराचं बाहेरून रंगकाम त्यांनी घेतलंय. स्वतःचे दोन कारागीर आहेत, आणखी दोन माणसं रोज सकाळी धायरी फाट्यावरून आणायची. आज एक, उद्या दुसरा. पत्रात ते विचारतात, ‘यातला कोणी झुल्यावरून पडला तर जबाबदारी माझी, घरमालकाची, की एका दिवसाच्या माणसाची जबाबदारी कोणाचीच नसते?’

कोणाचीच नसते, ही समजूत आपल्या धंद्यात फार खोल रुजलेली आहे. सकाळी फाट्यावर उभे राहून बघा. लातूर, नांदेड, सोलापूर, कलबुर्गीकडून आलेली माणसं डबा घेऊन थांबलेली असतात. गाडी थांबली की बोलणं हजेरीचं होतं, जेवणाच्या सुट्टीचं होतं, संध्याकाळी रोख मिळणार का याचं होतं. पडलो तर काय, हे कामावर नेणाराही बोलत नाही आणि जाणाराही नाही. कायदा मात्र यावर शंभर वर्षांपासून बोलतो आहे.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा. त्यातल्या कामगाराच्या व्याख्येतून मुळात एक जण वगळलेला होता: ज्याचं काम तात्पुरतं आहे आणि शिवाय जे मालकाच्या धंद्यासाठी नाही, असा माणूस. दोन्ही अटी एकदम लागू झाल्या तरच तो बाहेर. हे मी मुद्दाम सावकाश सांगतोय, कारण ‘तात्पुरता माणूस कायद्यात बसत नाही’ हे आपल्याकडे जे सांगितलं जातं ते या वाक्याचा अर्धाच भाग ऐकून. पेंटरनं रंगकामासाठी आणलेला माणूस एका दिवसाचा असला, तरी तो पेंटरच्या धंद्यासाठीच आलेला असतो. म्हणजे 1923 पासूनच तो कायद्याच्या आत आहे. पुढे 2000 सालच्या दुरुस्तीनं तर ती वगळणूकच काढून टाकली. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. भरपाईचा सांगाडा तोच राहिला आहे.

कुठलं काम धरायचं, याची कायद्याला जोडलेली यादी आहे. एका मजल्याहून जास्त मजल्यांची, किंवा जमिनीपासून आढ्यापर्यंत 12 फूट व त्याहून उंच इमारत बांधणं, तिची देखभाल, दुरुस्ती, पाडकाम हे सगळं तिच्यात येतं. गारमाळेतलं तीन मजली घर त्यात बसतं. घरमालक स्वतःच्या राहत्या घराला रंग देऊन घेतो, रंगकाम हा त्याचा धंदा नव्हे, म्हणून त्यानं काम तुम्हाला अंगावर दिल्यावर हाताखालच्या माणसाची जबाबदारी तुमचीच. हेच काम एखाद्या बिल्डरनं त्याच्या साइटवर तुम्हाला दिलं असतं, तर मजुराला बिल्डरकडेही भरपाई मागता आली असती. पण बिल्डर ती पुढे तुमच्याकडून वसूल करू शकतो, हे विसरू नका.

आता रकमेकडे या. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरवून दिलेल्या आकड्यानं तिला गुणायचं. तिशीतल्या माणसाचा, नेमकं 30 वय असेल तर, हा आकडा 207.98 आहे. मजुरी कितीही असली तरी हिशेबाला जास्तीत जास्त 15,000 रुपये धरायचे, असं जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनं ठरवलं. रोजची आठशे हजेरी आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. माणूस जगला पण कायमचा पूर्ण निकामी झाला, तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात. मग रक्कम 18,71,820 वर जाते. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. ‘माझ्याकडे तो एकच दिवस होता, एका दिवसाची मजुरी धरा,’ असं म्हणता येत नाही. महिनाभर काम झालेलं नसेल तर त्या भागात तसंच काम करणारा माणूस महिन्याला काय कमावतो, ते बघितलं जातं. रक्कम देणं लागू झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

धायरीत हातावर पोट घेऊन धंदा करणाऱ्या किती जणांकडे पंधरा लाख बाजूला पडलेले असतात? माझ्या ओळखीत एकही नाही.

म्हणून मग मिटवामिटवी होते. दवाखान्याचं बिल, गावाकडं जायला गाडीभाडं, घरच्यांच्या हातावर काही हजार आणि साध्या कागदावर अंगठा, की आता काही तक्रार नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा कागद कायद्यानं रद्दबातल आहे. मृत्यूच्या बाबतीत तर रक्कम आयुक्तांकडे, आता संहितेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. घरच्यांना परस्पर दिलेले पैसे, थोडी आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाईत धरलेच जात नाहीत. देणारा दोनदा देतो, आणि ज्या बाईचा नवरा गेला तिला हक्काच्या रकमेचा पत्ताही नसतो. या रीतीला आपल्या धंद्यात माणुसकी म्हणतात, त्याचं मला वाईट वाटतं.

‘बेल्ट दिला होता, त्यानंच लावला नाही,’ हेही नेहमी ऐकू येतं. दारू पिऊन चढणं किंवा सुरक्षेची सूचना जाणूनबुजून मोडणं, ही कारणं लहान दुखापतीत मालकाच्या कामी येतात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती चालत नाहीत. नव्या संहितेनं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे: घरून कामावर येता-जाताना झालेला अपघात, त्याचा कामाशी वेळेनं आणि जागेनं संबंध जुळत असेल तर, कामावरचाच समजायचा. दुचाकीवर मागे बसवून, हेल्मेट न देता साइटवर नेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

यावरचा उपाय फार जुना आहे आणि परवडणारा आहे. विमा कंपन्या वर्कमेन कॉम्पेन्सेशनची पॉलिसी देतात. तिच्यात माणसांची नावं न लिहिता, कुठल्या प्रकारचं काम, किती माणसं आणि एकूण मजुरी किती एवढं सांगून संरक्षण घेता येतं. रोज बदलणाऱ्या माणसांसाठी तीच हवी. एका कामापुरती, थोड्या महिन्यांची मिळते का तेही विचारा. घेताना तीन गोष्टी लिहून मागा: काम उंचीवरचं आहे याची पॉलिसीत नोंद, उपचारखर्चाचा वाढीव भाग (तो बहुधा आपसूक येत नाही), आणि हाताखालच्या माणसानं आणलेल्या माणसाचा समावेश. माणसं चार असताना दोन दाखवून हप्ता वाचवू नका. दावा तिथेच अडतो. उशिराचा दंडही विमा कंपनीच्या गळ्यात घालता येत नाही, तेव्हा अपघाताची खबर त्याच दिवशी द्यायची.

आणि फाट्यावरून माणूस उचलताना नाव, वय, गाव आणि घरच्यांचा फोन वहीत लिहा. बँक खातं असेल तर वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा पंतप्रधान सुरक्षा विमा घेतलाय का, एवढं विचारा. तुमच्या भरपाईच्या ऐवजी तो नाही, पण त्याच्या घरच्यांना तो लवकर हाती लागतो. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला लागणारा 90 दिवसांच्या कामाचा दाखला आपल्यासारख्यांनी द्यायचा की नाही, हा वाद मोठा आहे. मी द्यावा या बाजूचा आहे. का, ते हजेरीवहीच्या भागात, कारण तो दाखला त्या वहीतूनच निघतो.

बेनकर वस्तीतल्या वाचकांना एकच विनंती. सोमवारी झुला बांधू नका. आधी पॉलिसी काढा, ती सुरू झाल्याची तारीख स्वतः वाचा, आणि दोन-चार दिवस उशीर झाला तर घरमालकाला खरं कारण सांगा.